राखणदाराची गोष्ट: वसईची विहीर आणि रोमचं पत्र

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातून आपलं पुन्हा एकदा स्वागत. छत्तीसगडबाहेरच्या श्रोत्यांसाठी सांगतो, पारा म्हणजे आळी, मोहल्ला. आमच्या पाऱ्याच्या शेजारी कंकाली तलाव आहे. त्याच्या पोटात महादेवाचं देऊळ आहे आणि पाणी उपसलं की ते दिसतं. शहरातला राजबंधा तलाव मात्र आता कुणालाच दिसणार नाही. तो बुजला आणि त्या जागेला आज राजबंधा मैदान म्हणतात. बंधा कुठला, असं नातवंडं विचारतात तेव्हा आपण पायाखालच्या जमिनीकडे बोट दाखवतो.

मागच्या भागात आपण पाहिलं की १७४१ साली भास्करपंतांबरोबर नागपूरकर भोसल्यांची फौज रतनपूरवर आली आणि छत्तीसगडात मराठ्यांचा अंमल सुरू झाला. त्याच्या दोनच वर्षं आधी, मे १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला घेतला होता. त्या भागावर एका श्रोत्यांनी प्रश्न पाठवला. त्यांचं म्हणणं असं: "वसईचा किल्ला घेतला, पण तिथले ख्रिस्ती मराठी शेतकरी पुढे काय झाले? आणि हल्ली पोपसुद्धा पर्यावरणावर बोलतात, श्रीमंत-गरीब यावर बोलतात. धर्मगुरूंचा या गोष्टींशी काय संबंध?"

प्रश्न दोन दिसतात, पण उत्तर एकच आहे, आणि ते वसईच्या विहिरींत आहे. म्हणून आज किल्ल्याच्या बाहेर पडून वाड्यांमध्ये जाऊ.

गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने १५३४ साली तहात वसई पोर्तुगीजांना दिली. पुढची दोनशे वर्षं ती त्यांच्याकडे राहिली. त्या काळात किनाऱ्यालगतच्या अनेक गावांतले लोक ख्रिस्ती झाले. १७३९ मध्ये पोर्तुगीज सत्ता गेली, किल्ल्यातले मठ आणि चर्च ओस पडले, पण शेतकरी आपल्या वाडीतच राहिला. त्याची सामवेदी बोली राहिली, लुगडं राहिलं, लग्नातली गाणी राहिली. केळी, पानवेली, भाजीपाला आणि फुलं पिकवून मुंबईच्या बाजारात पाठवणं, हा त्याचा धंदा. वसईची सुकेळी आपल्यापैकी अनेकांनी खाल्ली असतील.

हे सगळं पिकत होतं समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. ते कसं? किनाऱ्यालगत जमिनीखाली दोन पाणी असतात. खाली समुद्राचं खारं आणि त्याच्यावर पावसाचं गोडं. गोडं पाणी हलकं, म्हणून ते वर तरंगून राहतं. पावसाळ्यात मुरतं तेवढं आठ महिन्यांत काढलं, तर हिशेब जुळतो. त्याहून जास्त ओढलं की खालचं खारं पाणी वर सरकतं आणि विहीर एकदा खारट झाली की ती पुन्हा गोडी व्हायला वर्षानुवर्षं लागतात. वसईच्या जुन्या माणसांनी हे पुस्तकात वाचलं नव्हतं. त्यांच्याकडे रहाट होता. बैल फिरेल तेवढंच पाणी वर येई. आणि त्यांच्याकडे बावखलं होती. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात साठे, हळूहळू मुरे आणि आजूबाजूच्या विहिरी जिवंत ठेवी. आमच्या छत्तीसगडातले तलाव जे काम करतात, तेच काम तिथे बावखल करी.

आता १९८० च्या दशकात या. मुंबईत घर परवडेनासं झालं, लोकलच्या रुळांबरोबर वस्ती उत्तरेला सरकली. १९८८ मध्ये राज्य सरकारने वसईचा मोठा हिरवा पट्टा बांधकामासाठी मोकळा करायचं ठरवलं. १९९० मध्ये सिडकोला तिथलं नियोजन प्राधिकरण नेमलं. पण नियोजनाची वाट कुणी पाहिली नाही. इमारती आधी उभ्या राहिल्या, नळ नंतर यायचे होते. मग त्या इमारतींना पाणी कुठून? पश्चिमेच्या वाड्यांमधल्या विहिरींतून. विहिरीवर पंप बसला, दारात टँकर उभा राहिला आणि पाणी फेऱ्यांच्या हिशेबाने विकलं जाऊ लागलं.

ज्याची विहीर, त्याला रोख पैसा. टँकरवाल्याला त्याहून जास्त. बिल्डरला सगळ्यांत जास्त. पण जमिनीखालचं पाणी बांध पाहून थांबत नाही. एकाने रात्रंदिवस पंप चालवला की शेजाऱ्याच्या विहिरीची पातळी उतरते. जो पाणी विकत नव्हता, त्याचीही पानवेल वाळली. जी बाई दुसऱ्याच्या वाडीत भाजी खुडायला जात होती, तिची मजुरी गेली. आणि टँकरचं पाणी घेणारा नालासोपाऱ्यातला चाळकरी, तोही काही श्रीमंत नव्हता. एका हंड्याला शहरातल्या नळवाल्याच्या कितीतरी पट किंमत तो मोजत होता. पर्यावरणाचं नुकसान आणि गरिबाचं नुकसान, दोन्ही एकाच पाइपमधून चाललं होतं.

याच सुमारास हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. तिचे पुढारी होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. ४ डिसेंबर १९४२ रोजी वसईतल्या नंदाखाल गावी जन्मलेले, शेतकरी समाजातले, १९७२ मध्ये धर्मगुरू झालेले आणि 'सुवार्ता' या मराठी मासिकाचे दीर्घकाळ संपादक. आपल्यापैकी पुष्कळांना ते २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून आठवतील. जुलै २०२४ मध्ये ते गेले. त्यांच्याबरोबर ख्रिस्ती होते, तसे हिंदूही होते. कारण विहीर खारट होताना धर्म विचारत नाही. मोर्चे निघाले, सभा झाल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या. फादरना धमक्या आल्या. विरोध फक्त बाहेरून नव्हता. चर्चमध्ये रविवारी समोर बसणाऱ्या माणसांतच पाणी विकणारे होते, जमीन विकणारेही होते. त्यांचा प्रश्न सरळ होता: माझी विहीर, माझं पाणी, मी विकेन नाहीतर ओतून देईन, यात पाद्रीबाबांचं काय?

या प्रश्नाचं उत्तर द्यायला आपल्याला थोडं मागे जावं लागेल, कारण हा प्रश्न कॅथलिक परंपरेत फार जुना आहे.

बायबलच्या पहिल्याच पुस्तकात माणसाला पृथ्वीवर सत्ता दिल्याचं वचन आहे. त्याचा आधार घेऊन पुष्कळांनी पृथ्वी ओरबाडली, असा आरोप होतो आणि तो खोटा नाही. पण पुढच्याच अध्यायात माणसाला बागेत ठेवलं ते मशागत करायला आणि राखायला, असंही आहे. पुढे लेवीय नावाच्या पुस्तकात तर पन्नासाव्या वर्षाचा कायदा सांगितला आहे. त्या वर्षी विकलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जावी, कारण जमीन कायमची कुणाची नाही, देवाची आहे. चौथ्या शतकात मिलानचे बिशप अॅम्ब्रोज श्रीमंतांना सांगत की तुम्ही गरिबाला देता ते दान नव्हे, त्याचंच त्याला परत करता. विनोबांच्या भूदानाची भाषा ज्यांनी ऐकली आहे, गांधीजींची विश्वस्ताची कल्पना ज्यांना माहीत आहे, त्यांना यात परकं काही वाटणार नाही.

विश्वस्त म्हणजे काय, हे मला लष्करात नीट समजलं. वाळवंटात सरावाला गेलं की पाण्याच्या टाकीवर पहारा लागतो. पहाऱ्यावरच्या जवानाचं ते पाणी नसतं आणि कमांडिंग अफसराचंही नसतं. वाटा सगळ्यांना सारखा. पण टाकी गळली तर जबाब पहारेकऱ्याला द्यावा लागतो. मालकी नाही, जबाबदारी पूर्ण. कॅथलिक शिकवणीत माणसाची पृथ्वीवरची जागा साधारण हीच आहे: राखणदाराची.

आधुनिक काळात या शिकवणीची पहिली मोठी पायरी १८९१ सालची. पोप तेरावे लिओ यांनी कारखान्यांतल्या कामगारांच्या हालांवर जगभरच्या चर्चसाठी पत्र काढलं. खासगी मालमत्ता त्यांनी मान्य केली, पण मजुराला जगण्यापुरतं वेतन मिळालंच पाहिजे आणि संघटना करण्याचा त्याला हक्क आहे, हेही ठासून सांगितलं.

दुसऱ्या पायरीचा संबंध मुंबईशी आहे. डिसेंबर १९६४ मध्ये पोप सहावे पॉल मुंबईला आले. भारतात आलेले ते पहिले पोप. जाताना त्यांनी आपल्याला भेट मिळालेली मोटार मदर तेरेसांना देऊन टाकली. मदरनी तिची सोडत काढून पैसा आपल्या कामासाठी लावला. ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. पण १९६७ मध्ये त्यांनी राष्ट्रांच्या विकासावर जे पत्र लिहिलं, त्यात या भारतभेटीचा उल्लेख आहे, हे कमी लोकांना माहीत असतं. श्रीमंत देश आणि गरीब देश यांच्यातली दरी हा त्या पत्राचा विषय. तिथे त्यांनी अॅम्ब्रोजचाच आधार घेऊन म्हटलं की कुणाजवळ जीवनावश्यक वस्तूही नसताना स्वतःच्या गरजेपलीकडचं फक्त आपल्यासाठी राखून ठेवण्याचा हक्क कुणालाही नाही. १९७१ च्या पत्रात निसर्गाच्या बेसुमार वापराचा धोका आला. १ जानेवारी १९९० च्या शांतिदिनाच्या संदेशात पोप दुसरे जॉन पॉल यांनी संपूर्ण संदेशच पर्यावरणावर दिला. वसईत टँकरविरुद्ध माणसं रस्त्यावर होती, तोच हा काळ.

आणि मग आलं २४ मे २०१५ ही तारीख असलेलं पोप फ्रान्सिस यांचं पत्र, 'लाउदातो सी'. नाव तेराव्या शतकातल्या असिसीच्या संत फ्रान्सिस यांच्या गीतावरून घेतलेलं. अर्थ, 'तुझी स्तुती असो'. सहा प्रकरणं, २४६ परिच्छेद. आधीच्या पत्रांमध्ये गरिबी एका खोलीत होती आणि निसर्ग दुसऱ्या खोलीत. फ्रान्सिस यांनी मधली भिंत काढली. त्यांचं म्हणणं, संकटं दोन नाहीत. एकच संकट आहे, त्याला सामाजिक बाजू आहे आणि निसर्गाची बाजू आहे. पाण्यावर तर त्यांनी स्वतंत्र लिहिलं: पिण्याचं पाणी हा माणसाचा मूलभूत हक्क आहे आणि त्याला बाजारातला माल करण्याकडे जो कल वाढतो आहे तो धोक्याचा आहे. हे पत्र वाचताना वसईच्या माणसाला नवं काय वाटलं असेल? रोमने २०१५ मध्ये लिहिलं ते त्याने पंचवीस वर्षं आधी विहिरीच्या काठावर चाखलं होतं.

श्रोत्यांपैकी काही जण म्हणतील, चर्चने हे सांगावं का? हा आक्षेप टाळून पुढे जाणं बरोबर नाही. पोर्तुगीज काळात वसई आणि गोव्यात सत्तेच्या जोरावर धर्मांतरं झाली, देवळं पाडली गेली. पंधराव्या शतकातल्या पोपांच्या फर्मानांनी युरोपच्या राजांना परक्या जमिनी बळकावायला आधार दिला. व्हॅटिकनने त्या विचाराशी आपला संबंध नाही, असं जाहीर केलं ते थेट मार्च २०२३ मध्ये. जमीन देवाची आहे असं सांगणाऱ्या संस्थेने दुसऱ्यांच्या जमिनी घेतल्याचा इतिहास आपल्या पोथीत ठेवलाच पाहिजे.

पण त्याच संस्थेतल्या माणसांनी उलटं कामही केलं, आणि ते आमच्या शेजारी झालं. छत्तीसगडच्या उत्तर टोकाला जशपूर जिल्हा आहे. तिथल्या कुनकुरीला प्रचंड मोठं कॅथलिक चर्च आहे. पर्यटक त्याचा आकार पाहून येतात. ते तिथे का आहे, याची गोष्ट शेजारच्या छोटा नागपुरात, म्हणजे आजच्या झारखंडात सुरू होते. १८८५ मध्ये कॉन्स्टंट लिव्हन्स नावाचे बेल्जियन जेझुइट पाद्री तोरपा गावी आले. मुंडा आणि उरांव शेतकऱ्यांच्या जमिनी जमीनदार कागदांच्या जोरावर गिळत होते, वर वेठबिगार होती. लिव्हन्स कायद्याची पुस्तकं घेऊन बसले. पावती घेतल्याशिवाय खंड देऊ नका, बेकायदा वेठ करू नका, अन्याय झाला तर कोर्टात जा, असं त्यांनी लोकांना शिकवलं. त्यांच्यानंतरचे जर्मन पाद्री जॉन हॉफमन यांनी मुंडांच्या सामाईक जमिनीच्या चालीरीतींचा बारकाईने अभ्यास केला. १९०८ च्या छोटा नागपूर कुळ कायद्यात आदिवासींच्या जमिनीला जे संरक्षण मिळालं, त्यात हॉफमन यांचा मोठा वाटा आहे. १९०९ मध्ये त्यांनी सहकारी पतसंस्था काढली, म्हणजे सावकाराकडे जमीन गहाण पडणार नाही. त्याआधी बिरसा मुंडांचा उठाव झाला होता आणि सरकारला कायद्याची घाई झाली ती त्या उठावामुळे, हेही लक्षात ठेवा. जमीन वाचते म्हणून हजारो लोक ख्रिस्ती झाले. यावर टीका झाली, आजही होते. ती टीका करणाऱ्यांना मी एवढंच विचारतो की त्या वेळी त्या शेतकऱ्याच्या बाजूने कोर्टात उभं राहायला आपल्यापैकी दुसरं कोण गेलं होतं?

आता परत वसईला येऊ, कारण गोष्टीचा अवघड भाग अजून राहिला आहे.

चळवळीमुळे वसईचा बराच हिरवा पट्टा वाचला, पण सगळा नाही. २००९ मध्ये चार नगरपरिषदा आणि ५३ गावं एकत्र करून वसई-विरार महानगरपालिका झाली. आमचं शहर आम्हाला नको, आमचं गाव राहू द्या, म्हणून कित्येक गावांनी पुन्हा आंदोलन केलं. २०११ च्या जनगणनेत महानगराची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांवर गेली. एवढ्या माणसांना पाणी लागणारच. ते विहिरींतून नको, तर कुठून?

उत्तर निघालं सूर्या नदी. पालघर जिल्ह्यात या नदीवर धामणीचं धरण आहे. ते बांधलं ते प्रामुख्याने डहाणू, विक्रमगड, पालघर या आदिवासी भागातल्या शेतीसाठी. त्या धरणासाठी आदिवासींची घरं-शेतं बुडाली. आज तिथून मुंबईच्या उपनगरांसाठी रोज ४० कोटी ३० लाख लीटर पाण्याची योजना आहे. त्यातलं १८ कोटी ५० लाख लीटर वसई-विरारला, उरलेलं मीरा-भाईंदरला. कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या आदिवासी शेतकऱ्याने विचारलं, आमच्या नावाने बांधलेल्या धरणाचं पाणी आमच्या शेतात का येत नाही? त्यासाठी त्यांनी मोर्चे काढले.

म्हणजे पाहा, वसईच्या बागायतदाराची विहीर वाचावी म्हणून नळ आला आणि त्या नळाचा दुसरा टोक वारल्याच्या शेतात निघाला. यात वसईकर वाईट ठरत नाही. तहानलेला चाळकरीही वाईट ठरत नाही. पण पाण्याचा भार प्रत्येक वेळी एक पायरी खाली सरकला आणि शेवटी सगळ्यांत कमी आवाज असलेल्या माणसाच्या डोक्यावर बसला. 'लाउदातो सी'त श्रीमंत देशांवर गरीब देशांचं निसर्गाचं कर्ज आहे, असं म्हटलंय. देशांचं सोडा, तेच कर्ज एका जिल्ह्यातल्या दोन तालुक्यांमध्येही असतं. ज्याला ही शिकवण खरोखर पाळायची आहे, त्याने आपली विहीर वाचल्यावर थांबून चालत नाही. नळ उघडताना कुणाचं शेत कोरडं राहिलं, हेही विचारावं लागतं. मला वाटतं, या सगळ्या शिकवणीतला सगळ्यांत महाग भाग हाच आहे, म्हणून तो प्रवचनात येतो आणि पाणीपट्टीत येत नाही.

आणि आम्ही रायपूरकर तरी कुठे वेगळे? इथून तास-दीड तासावर दुर्ग जिल्ह्यात शिवनाथ नदी आहे. १९९८ मध्ये तिचा सुमारे २३ किलोमीटरचा प्रवाह २२ वर्षांच्या करारावर एका खासगी कंपनीच्या हाती दिला गेला. कारखान्यांना पाणी मिळावं हा हेतू. काठावरच्या गावांना कळलं तेव्हा नदीत जाळं टाकायला, काठावर पंप लावायला मनाई आली होती. ज्या प्रदेशात १९२० मध्ये धमतरीजवळच्या कंडेल गावाने कालव्याच्या पाण्यावरच्या अन्यायी दंडाविरुद्ध सत्याग्रह केला, त्याच प्रदेशात अठ्ठ्याहत्तर वर्षांनी नदीच करारावर गेली. तेव्हा आमच्यापैकी किती जण बोललो? मी तेव्हा नोकरीवर होतो, सीमेवर होतो, ही सबब माझ्याकडे आहे. तलाव बुजताना मात्र मी सुट्टीवर घरी येत होतो आणि सपाट जागा झाली, वाहन लावायला बरं झालं, असंच मलाही वाटलं होतं.

वसईत गेल्या काही वर्षांत तरुण मुलांनी बुजत चाललेली बावखलं मोजायला, साफ करायला सुरुवात केली आहे. त्यांच्यात ख्रिस्ती आहेत, हिंदू आहेत. पोपचं पत्र त्यांच्यातल्या किती जणांनी वाचलं असेल, कुणास ठाऊक. पण पहाऱ्यावर कुणीतरी उभं राहिलं, हे महत्त्वाचं.

तर श्रोत्यांच्या प्रश्नाला माझं उत्तर असं: चिमाजी अप्पांनंतरही तो ख्रिस्ती मराठी शेतकरी वाडीतच राहिला, आणि अडीचशे वर्षांनी त्याची विहीर धोक्यात आली तेव्हा त्याच्या धर्मगुरूला बोलावंच लागलं, कारण न बोलणं म्हणजे टँकरवाल्याच्या बाजूने बोलणं झालं असतं.

जाता जाता एक काम सांगतो. तुम्ही नागपुरात असा, इंदुरात, बडोद्यात, बेळगावात किंवा हैदराबादेत, तुमच्या गल्लीतल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा की इथे पूर्वी पाणी कुठे होतं. तळं, आड, बारव, विहीर, जे सांगतील ते लिहून घ्या आणि ते कसं गेलं, त्या जागेवर आज कुणाचं काय उभं आहे, तेही लिहा. आम्हाला पाठवा. पुढच्या भागात रायपूरच्या तलावांची अशीच यादी घेऊन येतो. तिची सुरुवात राजबंध्यापासून करणार आहे.

नमस्कार. जय हिंद.